फ्रीबीएसडीतलं आभासी नेटवर्क कार्ड: व्हीटीनेट ड्रायव्हर बसवताना

व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीबीएसडी चढवलं, पिंग केलं, उत्तर आलं, की नेटवर्कचं काम झालं असं बहुतेक जण धरून चालतात. खरी तपासणी त्यानंतर करायची असते. आभासी कार्डामागे होस्टवरचा एक प्रोग्राम असतो. कोणतं काम गेस्टने करायचं आणि कोणतं होस्टने, हे दोघांनी आपसांत ठरवलेलं असतं. सगळ्यात चिवट बिघाड या ठरावातच निघतात.

कोणतं कार्ड मागायचं

केव्हीएमवर मशीन उभं करताना कार्डाचं मॉडेल निवडावं लागतं. ई१००० निवडलं तर होस्ट इंटेलच्या जुन्या गिगाबिट कार्डाची नक्कल करतो आणि फ्रीबीएसडीला ते ईएम० या नावाने दिसतं. ड्रायव्हरने त्या कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की बहुतेक वेळा गेस्ट थांबतो आणि ताबा होस्टकडे जातो. यात वेळ जातो. रस्टी रसेल यांनी मांडलेल्या व्हर्टआयओमध्ये ही नक्कल सोडून दिली आहे. तिथे दोन्ही बाजू सामाईक मेमरीतल्या रांगांमधून पॅकेटांची देवघेव करतात. लिनक्समध्ये ही सोय २००८ मध्ये, २.६.२४ या कर्नलबरोबर आली. फ्रीबीएसडीचा व्हीटीनेट ड्रायव्हर ९.० पासून आहे आणि १०.० पासून तो जेनेरिक कर्नलमध्येच मिळतो. त्यामुळे आज ई१००० घेण्याचं कारण क्वचितच उरतं.

कर्नलला कार्ड दिसतंय का

पीसीआयकॉन्फ ही कमांड -एलव्ही लावून चालवा आणि रेड हॅटचा १एएफ४ हा विक्रेता क्रमांक शोधा. शेजारी डिव्हाइस क्रमांक १००० असेल तर कार्ड व्हर्टआयओच्या जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी चालतं. १०४१ असेल तर ते फक्त नव्या पद्धतीचं आहे, आणि फ्रीबीएसडी १३.० च्या आधीच्या आवृत्त्या ते ओळखत नाहीत. कार्ड यादीत आहे, पण व्हीटीनेट० काही उगवत नाही, अशा वेळी आधी हा क्रमांक पाहावा.

आरसी.कॉन्फमधल्या ओळी

पत्ता आपोआप घ्यायचा असेल तर एवढं पुरतं:

आयएफकॉन्फिग_व्हीटीनेट०="डीएचसीपी"

कायमचा पत्ता द्यायचा असेल तर डीएचसीपीच्या जागी तो पत्ता लिहायचा आणि डिफॉल्टराउटर या ओळीत गेटवे. फाइल हाताने उघडण्यापेक्षा सिसआरसी कमांड वापरावी, म्हणजे अवतरणचिन्ह राहून गेल्यामुळे पुढचं बूट अडत नाही.

जुन्या मशीनचं कार्ड ई१००० वरून बदलत असाल तर नाव ईएम० चं व्हीटीनेट० होतं आणि जुनी ओळ निकामी ठरते. नवी ओळ आधीच लिहून ठेवा आणि होस्टचं कन्सोल उघडं ठेवा. एसएसएचवरून नेटइफ सेवा रिस्टार्ट करायची असेल तर राउटिंग सेवाही त्याच ओळीत जोडून घ्या. नेटइफच्या रिस्टार्टमध्ये डिफॉल्ट रूट पुसला जाऊ शकतो आणि तुम्ही बाहेर अडकता.

पिंग चालतो, बाकी काही चालत नाही

हे दुखणं फ्रीबीएसडीला फायरवॉल किंवा राउटर केलं की समोर येतं. त्याच होस्टवरच्या दुसऱ्या गेस्टमधून बाहेर पिंग जातो, पण वेबसाइट उघडत नाही आणि एसएसएच लटकतं. माणसं मग दिवसभर पीएफचे नियम उलटेपालटे करत बसतात. नियम बिचारे बरोबर असतात.

पाठवणारा गेस्ट टीसीपी पॅकेटचा चेकसम पुरता मोजत नाही. ‘हा नंतर भरा’ अशी खूण करून तो पॅकेट सोडतो. ते तारेवर जाणार असतं तर होस्टने किंवा खऱ्या कार्डाने चेकसम भरला असता. एकाच होस्टवरच्या दोन गेस्टमध्ये मात्र पॅकेट मेमरीतच फिरतं, म्हणून तो अर्धवट राहतो. फ्रीबीएसडी स्वतःच ते पॅकेट घेणार असेल तर खूण पाहून चालवून घेतो. पण पीएफ नॅट करताना पत्ता बदलतो आणि त्या अर्धवट चेकसमवरच दुरुस्ती चढवतो. पुढे पोहोचलेलं पॅकेट चुकीचं ठरून टाकून दिलं जातं. आयसीएमपीचा चेकसम पाठवणारा स्वतः पूर्ण मोजतो, म्हणून पिंग सुखरूप जातो.

खात्री करायला टीसीपीडम्प -व्हीव्ही लावून चालवा, पण पॅकेट जिथे पोहोचतं त्या मशीनवर. पाठवणाऱ्या मशीनवर चेकसम चुकीचाच दिसणार, कारण तिथे तो अजून भरलेलाच नसतो. या एका गोष्टीने भल्याभल्यांची दिशाभूल केली आहे.

इलाज लोडर.कॉन्फमधल्या एका ओळीत आहे:

एचडब्ल्यू.व्हीटीनेट.सीसम_डिसेबल="१"

त्यानंतर रिबूट करा. आता कार्ड जागं होतानाच गेस्ट होस्टला ‘मला पूर्ण चेकसमच दे’ असं सांगतो. राउटरवर एलआरओही बंद असावं, कारण ते आलेली पॅकेटं जोडून मोठी करतं आणि पुढे पाठवायच्या पॅकेटांना हे सोसत नाही.

साध्या सर्व्हरवर

वेब किंवा डेटाबेस सर्व्हर असेल तर यातलं काहीही बंद करू नका. तिथे ही सोय प्रोसेसरचा भार खरोखर हलका करते. मशीनला चार प्रोसेसर दिले असतील तर होस्टच्या बाजूने कार्डालाही चार रांगा द्याव्यात. ड्रायव्हर त्या आपणहून वापरायला घेतो.