हिशेबाची नक्कल एका क्लिकवर

दुकानातला माल भिजला तर तो पुन्हा भरता येतो. हिशेब बुडाला तर कोणाकडे किती येणे आणि कोणाला किती देणे हे सांगणारा साक्षीदारच जातो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ राहणाऱ्या कुरुंदवाडकरांना हे वेगळे सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही महापूर आपण पाहिले आहेत. आता वहीची जागा कॉम्प्युटरने घेतली, पण पाण्याला वही आणि कॉम्प्युटर सारखेच. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावा लागतो.

रोज संध्याकाळी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी हे सर्वांना ठाऊक आहे. तरी ती घेतली जात नाही, कारण गिऱ्हाईक सांभाळून फोल्डर शोधत बसायला सवड नसते. यावर सोपा उपाय म्हणजे हे काम एका छोट्या स्क्रिप्टवर सोपवावे. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला क्रमाने लिहून दिलेले हुकूम. विंडोजमध्ये अशा साध्या फाइलला बॅच फाइल म्हणतात.

प्रथम हिशेबाचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याला विचारून घ्यावे. मग नोटपॅड उघडून पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय, म्हणजे रोबोकॉपी, असे लिहावे. थोडी जागा सोडून त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा. पुन्हा जागा सोडून पेनड्राइव्हवरील फोल्डरचा पत्ता तसाच लिहावा. शेवटी जागा सोडून तिरकी रेघ आणि ई हे अक्षर. त्यामुळे आतले सर्व फोल्डरही नकलेत येतात. दुसऱ्या ओळीत फक्त पी-ए-यू-एस-ई, म्हणजे पॉज, एवढे लिहावे. या शब्दामुळे काम संपल्यावर खिडकी लगेच बंद होत नाही आणि निकाल वाचता येतो.

फाइल जतन करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडावा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी-ए-टी लिहावे. प्रकार बदलला नाही तर ती साधी मजकुराची फाइल राहते आणि क्लिक केल्यावर नुसती नोटपॅडमध्ये उघडते. मग त्या फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून 'सेंड टू' आणि 'डेस्कटॉप' निवडावे. विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावे लागते. डेस्कटॉपवर आयकॉन येतो. त्याचे नाव बदलून मराठीत किंवा उर्दूत 'हिशेबाची नक्कल' असे ठेवता येते, म्हणजे इंग्रजी न येणारा नोकरही ते काम करू शकतो.

हा आयकॉन म्हणजे दुकानाची पाटी आहे, दुकान नव्हे. आयकॉन पुसला तरी मूळ फाइल राहते. पण मूळ फाइल हलवली तर आयकॉन निकामी होऊ शकतो, आणि नुसता आयकॉन दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन काही होत नाही.

काही खबरदारी मात्र घ्यावी. क्लिक करण्यापूर्वी हिशेबाचे सॉफ्टवेअर बंद करावे. फाइल उघडी असेल तर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडकून बसते. शेवटी येणाऱ्या तक्त्यात 'फेल्ड' या रकान्याखाली शून्य आहे का ते पाहावे. पेनड्राइव्हचे अक्षर कधी ई तर कधी एफ होते. तसे झाले तर नक्कल होत नाही, म्हणून स्क्रिप्टमधले अक्षर जुळते का ते तपासावे. पेनड्राइव्ह दोन ठेवावेत आणि आलटून पालटून वापरावेत, कारण मूळ हिशेब बिघडला तर त्याच दिवशी नक्कलही बिघडलेली होते. काम झाल्यावर पेनड्राइव्ह काढून घ्यावा आणि एक तरी वरच्या मजल्यावर किंवा परगावच्या नातेवाइकांकडे असावा. कॉम्प्युटरशेजारच्या गल्ल्यातला पेनड्राइव्ह पुरात कॉम्प्युटरबरोबरच जाईल.

दुसऱ्याने पाठवलेल्या स्क्रिप्टवर मात्र कधीही क्लिक करू नये. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस ईमेलमधून जगभर पसरला. दिसायला ते साधे पत्र होते, प्रत्यक्षात ती स्क्रिप्ट होती. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवत असल्याने लोक फसले. जो हुकूम नक्कल करतो, तसाच दुसरा हुकूम सर्व पुसूनही टाकतो.

महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवरील नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. आम्ही कापडाचे व्यापारी इचलकरंजीहून आलेला तागा उलगडून पाहिल्याशिवाय ताब्यात घेत नाही. हिशेबाच्या नकलेलाही तोच नियम लावावा. हे काम पावसाळ्यापूर्वीच सुरू केलेले बरे.