चोरीला गेलेली गाडी सापडली, पुढे काय?

पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाकी पाहून मला दरवेळी चुटपुट लागते. यातल्या कितीतरी गाड्या मालकाला कधीच परत मिळू शकल्या असत्या!

जप्त केलेल्या मालाला पोलिसी भाषेत मुद्देमाल म्हणतात. पंचनामा होतो, मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते आणि वस्तू मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात जाते. पण ती कोणाला द्यायची हे न्यायालय ठरवतं.

सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा 2002 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यात फार मोलाचा. त्या प्रकरणात खुद्द पोलिसांवरच मुद्देमाल बदलल्याचा, परस्पर लिलाव केल्याचा आरोप होता. न्यायालयाने बजावलं की गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका. सविस्तर पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू हक्कदाराला द्या.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 ने याला मुदतच घातली. माल न्यायालयापुढे आल्यावर 14 दिवसांत वर्णनाची नोंद, मग फोटो, गरज असल्यास व्हिडिओ आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. हे फोटो पुढे पुरावा म्हणून चालतात. मला ही तरतूद मनापासून आवडते.

मालकच माहीत नसेल तर दंडाधिकारी जाहीरनामा काढतात. दाव्यासाठी सहा महिने मिळतात. कोणीच आलं नाही, तर माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो.

गाडी सापडल्याचं कळताच आरसी, विम्याची कागदपत्रं आणि एफआयआरची प्रत घेऊन न्यायालयात सुपूर्दनाम्यासाठी, म्हणजे गाडी ताब्यात मिळण्यासाठी, अर्ज करा. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही.