लकव्याचा रुग्ण घरी येतो तेव्हा



बेण्याची निवड, खताची मात्रा आणि उसाच्या बिलाचा हिशेब हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून या अंकात आम्ही दवाखान्याकडे वळलो, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे वडनेर भोलजी मलकापूर-नांदुरा रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्गाला लागून वसलेले गाव. डोक्याला मार लागलेली, विहिरीत पडून कंबरेखालचे अंग गेलेली, लकवा मारलेली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. त्यांतले एक आमचे थोरले काका.

काका सकाळी मोटर चालू करायला गेले ते विहिरीपाशीच बसले. तोंड वाकडे, उजवा हात-पाय लुळा, शब्द फुटेना. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. जीव वाचला, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच. अठराव्या दिवशी ‘आता घरी न्या’ म्हणून सांगण्यात आले. हाती गोळ्यांची चिठ्ठी आली. आम्ही गाडी केली, काकांना ओसरीतल्या खाटेवर निजवले, आणि इथून पुढे काय करायचे ते आम्हाला ठाऊक नव्हते. उठवताना लुळ्या हातालाच धरून ओढायचो, त्याने खांदा धरला. दिवसदिवस एकाच अंगावर निजू दिले, त्याने कंबरेला जखम झाली. आडवे असतानाच पाणी पाजायचो, मग ठसका. कबुतराचे रक्त चोळा म्हणून सांगणारेही भेटले, आणि खोटे कशाला बोला, तेही केले. पाच महिन्यांनी काका गेले. औषधाला कोणी कमी पडले नाही. बाकी काय करावे हे कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या घरी तसेच घडले. हे गृहस्थ आपल्या कारखान्याचे सभासद, पन्नाशीतले. दवाखाना दुसरा होता. सोबतीला आम्ही होतो. चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाई स्टूल ओढून खाटेशेजारी बसल्या. गळ्यात नळी नाही, हातात सुई नाही, नुसती वही. आम्हाला वाटले, कसली तरी पाहणी असेल.

“संडास घरात आहे की बाहेर?” त्यांनी वहिनींना विचारले.

“बाहेर हाय बाई, गोठ्याच्या अंगाले.”

“पायऱ्या किती?”

“दोन. नाई, तीन.”

“रात्री यांना कोण उठवील?”

“मीच. पोरगा पुण्याले कंपनीत हाय. सासूचे गुडघे दुखतात.”

“बँकेचा व्यवहार कोण पाहतं?”

यावर वहिनी गप्प. पासबुक कोणत्या पेटीत असते तेसुद्धा त्यांना माहीत नव्हते.

या बाई म्हणजे त्या दवाखान्याच्या वैद्यकीय समाजसेविका. आपल्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे भारदस्त नाव आहे. पुरुषही असतात, बायाही असतात. आपले लोक मात्र त्यांना ‘फॉर्म भरणाऱ्या बाई’ एवढेच समजतात, आणि पैसे संपल्यावरच त्यांची खोली शोधत जातात.

या कामाची सुरुवात परदेशात झाली. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट यांची नेमणूक झाली. १९०५ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. रिचर्ड कॅबट यांनी आपल्या रुग्णालयात हे काम सुरू केले. विश्रांती घ्या, चांगले खा, असे रोग्याला सांगून पाठवायचे. पण ज्याच्या घरी विश्रांतीही नाही आणि खाणेही नाही, त्याला त्या सल्ल्याचा काय उपयोग, ही त्यांची अडचण होती. आपल्याकडे १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९४६ मध्ये मुंबईच्याच जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. हात, पाय, पाठीचा कणा यांच्या रुग्णांना पुन्हा उभे करण्याचे काम तिथे चालते.

पुनर्वसन म्हटले की आपल्या नांदुरा तालुक्यात प्रथम जिगाव धरणच आठवते. घर उठायचे आणि दुसरीकडे बसवायचे. दवाखान्यातले पुनर्वसनही फार वेगळे नाही. इथे घर तेच राहते; त्यातला माणूस बदललेला असतो, आणि त्याला त्याच घरात नव्याने बसवायचे असते. हे एकट्यादुकट्याचे काम नाही. मेंदूचे डॉक्टर असतात, परिचारिका असतात. चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट, डाव्या हाताने जेवायला व सदऱ्याची गुंडी लावायला शिकवणारे व्यवसायोपचार तज्ज्ञ, बोलणे आणि गिळणे सुधारणारे वाचा-उपचार तज्ज्ञ, असे सगळे मिळून बसतात. यांतल्या प्रत्येकाला रोगी दवाखान्याच्या फरशीवर दिसतो. त्याचा उंबरठा, शेणाने सारवलेले अंगण आणि गोठ्याकडची तीन पायऱ्यांची वाट त्या बैठकीत आणून ठेवते ती समाजसेविका.

शेजाऱ्यांच्या बाबतीत नेमके असेच झाले. बाईंनी पायऱ्यांची गोष्ट सांगितल्यावर फिजिओथेरपीवाल्यांनी सपाट जागेवरचे चालणे कमी केले आणि पायरी चढण्या-उतरण्याचा सराव लावला. वहिनींना चार दिवस वॉर्डातच शिकवले: दर दोन तासांनी कूस बदलायची, लुळ्या हाताला धरून ओढायचे नाही, घास देताना ताठ बसवायचे, पाणी चमच्याने आणि सावकाश. मुलाला पुण्याहून बोलावून घेतले. त्याला सांगितले, पहिले तीन ते सहा महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे, रजा काढायची असेल तर आत्ताच काढ. घरी एका गवंड्याने दीड दिवसात उंबरठ्याला सिमेंटचा उतार करून दिला आणि संडासाच्या भिंतीला लोखंडी नळीचा दांडा बसवला.

पैशाच्या बाबतीत आपल्या सभासदांनी नीट लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते. उसाचे बिल सभासदाच्या खात्यात जमा होते. उजवा हात गेला, सही गेली. घरात रोगी, खात्यात पैसे, आणि बायकोला औषधासाठी उसनवारी! बाईंनी वहिनींना सांगितले की आजारी, असमर्थ खातेदाराचा अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा बँकेने घ्यावा अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचाच माणूस असावा लागतो. तेवढेही शक्य नसेल तर नुसती खूण चालते, तिलाही तशाच साक्षी लागतात. मुखत्यारपत्र करायचे तर रुग्णाला समजत-उमजत असतानाच करावे; समजच गेली तर आधीचे साधे मुखत्यारपत्रही कायद्याने उरत नाही. आणि बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे नव्हे. लकव्यात कित्येकांची वाचा जाते पण समज शाबूत राहते. हे गावात कोण कोणाला सांगणार? आपल्याकडे तर बोलणे गेलेल्याला चार दिवसांत ‘येडा’ ठरवून मोकळे होतात.

सरकारी कागदांचेही तसेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्णांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात त्या कशा मागायच्या, हे समाजसेवा विभागातच कळते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र स्थिती स्थिरावल्यावर मिळते; २०१६ च्या कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ते निदान ४० टक्के असावे लागते. त्यावर पुढे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. विहिरीत वा झाडावरून पडून, ट्रॉलीखाली सापडून हात-पाय निकामी झाले असतील तर शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. लकवा हा आजार, तो त्यात बसत नाही. अपघात असेल तर पोलिसांतली नोंद व पंचनामा मागे राहू देऊ नये. घाईत सगळे दवाखान्यात धावतात आणि कागद राहून जातो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या बाईंच्या हाती तिजोरी नसते. मदत करणाऱ्या ट्रस्टांना चिठ्ठी लिहून देतात. मदत मिळेलच असे नाही. एकेका विभागात दोन-चार माणसे आणि दाराशी रांग, असे चित्र आम्ही स्वतः पाहिले. तालुक्याच्या ठिकाणी तर हे पद सहसा आढळत नाही. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. घरी आल्यावर पाठपुरावा आपणच करायचा. आणि सगळेच काही सुधारत नाही. आमच्या शेजाऱ्यांचा उजवा हात अजूनही कामाचा नाही.

मधे दोन महिने त्यांनी जेवण टाकले होते, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. वहिनी म्हणायच्या, “हट्टीच आहेत पहिल्यापासून.” त्यांनी त्या बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, हा हट्ट नाही. लकव्यानंतर सुमारे तिघांतल्या एकाला असे उदासपण येते, त्यावर औषध आहे, पुढच्या तारखेची वाट न पाहता घेऊन या. नेले. पंधरा-वीस दिवसांनी माणूस पुन्हा ओसरीत येऊन बसू लागला. आमच्या काकांनीही शेवटी शेवटी असेच तोंड फिरवले होते. आम्ही त्याला म्हातारपण म्हटले.

तेव्हा कोणाच्या घरी हा प्रसंग आला तर डिस्चार्जच्या दिवसापर्यंत थांबू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच वॉर्डातल्या सिस्टरांना विचारावे, “समाजसेवा विभाग कुठे आहे?” सोबत रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सातबारा असावा. घराच्या दाराची रुंदी व पायऱ्यांची उंची मोजून न्यावी, कुणी हसले तर हसू द्यावे. आणि ज्यांचे सर्व काही ठीक चालले आहे अशा सभासदांनी आपले पासबुक कोणत्या पेटीत आहे ते घरात सांगून ठेवावे, शेअर्सची वारस-नोंद तपासून घ्यावी.

वडनेरात कपाशी आणि सोयाबीनच्या मानाने ऊस थोडाच. यंदा शेजाऱ्यांच्या फडात टोळी आली तेव्हा मुकादमाशी बोलणे वहिनींनीच केले. ते खुर्ची टाकून बांधावर बसले होते. त्यांना एकच शब्द येतो, “बरं.” मुकादमाने काही सांगितले की वहिनी त्यांच्याकडे पाहतात, त्यांनी “बरं” म्हटले तर ठीक, डावा हात हलवला तर नाही. पावतीवर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा आहे आणि शेजारी वहिनींची सही.