मुख न दाखविणारी मूर्ती

संत सेसिलिया ही रोममधील आद्य ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी एक. संगीताची अधिष्ठात्री म्हणून चित्रकार तिला बहुधा वाद्यासह रंगवितात. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातील तिच्या चर्चमधील मूर्तीत मात्र वाद्य नाही, स्वर्गाकडे लागलेली दृष्टीही नाही.

१५९९ साली कार्डिनल स्फोंद्राती याने तेथील वेदीखालची शवपेटी उघडविली. पुढच्याच वर्षी स्तेफानो मादेर्नो या तरुण शिल्पकाराने तिची शुभ्र संगमरवरी मूर्ती घडविली. देह पेटीत दिसला तसाच कोरला आहे, अशी ग्वाही तेथील लेख देतो. कुशीवर निजलेली युवती, वस्त्राने वेढलेले मस्तक, मानेवर तलवारीचा बारीक व्रण. एका हाताची तीन बोटे आणि दुसऱ्याचे एक उलगडलेले. त्र्येक परमेश्वरावरील श्रद्धेची ही अखेरची खूण, असे भाविक मानतात.

धर्मचित्रांनी भाविकांना शिकवावे व भक्तीस प्रवृत्त करावे, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली ठरविले होते. त्यासाठी बरोक कलेने पुढे प्रकाशाचे झोत, उघडलेली आकाशे, भावविव्हल मुद्रा यांचा आश्रय घेतला. बरोकच्या उंबरठ्यावरील मादेर्नोने मुद्राच झाकली. त्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी त्या व्रणावर स्थिरावते, आणि हौतात्म्याची कथा तेवढा व्रणच सांगतो.