जेथें कारागीर पोहोंचत नाहीं

मंगळवेढ्याच्या शिवारांत विहिरीवरील पंप बिघडला, तर सोलापुराहून कारागीर आणून तो दुरुस्त करतां येतो. परंतु जें यंत्र पृथ्वीपासून सुमारें १५ लाख किलोमीटर दूर राहावयाचें, तें बिघडल्यास तेथें कोण जाणार? असें यंत्र योजणारास प्रत्येक बिघाडाचा विचार आधींच करावा लागतो. तो कसा, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस एका उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुण्याच्या ‘आयुका’ ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेनें, इस्रोच्या सहकार्यानें, ‘सूट’ नांवाची दुर्बीण घडविली. सूर्याच्या अतिनील किरणांचीं चित्रें घेणें हें तिचें कार्य होय. ह्या किरणांपैकीं पुष्कळसे वातावरणांतील ओझोन वायु शोषून घेतो. त्यामुळें आपलें रक्षण होतें खरें, परंतु जमिनीवरून त्यांचें मापन होत नाहीं.

योजकांपुढें मुख्य अडचणी तीन होत्या. पहिली, सूर्याची प्रखरता. ती आवरण्यासाठीं तोंडाशींच एक गाळणी बसविली. ती प्रकाशाचा अत्यल्प अंश आंत सोडते. पुढें ११ निरनिराळ्या गाळण्या हवे तेवढेच किरण निवडतात. दुसरी अडचण उष्णतेची. चित्र टिपणारा पडदा तापला, तर प्रकाश नसतांही खोटी नोंद करतो. म्हणून तो शून्याच्या पुष्कळ खालीं थंड राखावा लागतो. तिसरी अडचण मळाची. डिंक, तारा इत्यादींतून निघणाऱ्या वाफेचा डोळ्यांस न दिसणारा थरही आरशावर बसला, तर तो अतिनील किरण गिळतो. म्हणून जुळणी धूळरहित खोलींत झाली, व दुर्बिणीस झांकण बसविण्यांत आलें.

ता. २ सप्टेंबर २०२३ रोजीं ‘आदित्य-एल१’ यान श्रीहरिकोट्याहून निघालें. वाफ निघून जाईपर्यंत झांकण मिटलेलेंच ठेविलें होतें. तें उघडलें नसतें, तर अनेक वर्षांचे श्रम व्यर्थ गेले असते! परंतु तें उघडलें, आणि ता. ६ डिसेंबर रोजीं सूर्याच्या संपूर्ण बिंबाचीं पहिलीं चित्रें मिळालीं.

विद्यार्थीमित्रहो, शाळेच्या प्रयोगशाळेंत तराजूचें पारडें न पुसतां घेतलेलें वजन चुकलें, तर पुन्हां घेतां येतें. ह्या दुर्बिणीच्या आरशास मात्र पुन्हां फडकें लावतां येणार नव्हतें. पारडें आधीं पुसण्याची संवय येथेंच लागावी. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें जुनें घड्याळ उघडून पाहिलें, तर लागलेंच रागावूं नये. तें पुन्हां नीट जोडावयास मात्र अवश्य सांगावें.