काळी काच, गार गाडी

4 मे 2012 ही तारीख गाड्यांच्या ॲक्सेसरीजचा धंदा करणारे अजून विसरलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिलला दिलेला आदेश त्या दिवसापासून लागू झाला आणि ऐन वैशाखात चौकाचौकांत गाड्या थांबवून काचांवरची फिल्म उतरवणं सुरू झालं. नागपूर-चंद्रपुरात पारा चढलेला असताना लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून आपल्याच काचा ब्लेडने खरवडत होते. कुठे गोंदाचे चट्टे राहिले, कुठे मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या तारा फिल्मबरोबर निघून आल्या.

'अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार' हा तो खटला. काळ्या काचांआड होणारी अपहरणं, बलात्कार आणि दहशतवाद्यांना मिळणारा आडोसा हा याचिकेचा मुद्दा होता. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 100 व्या नियमानुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. तोवर सगळ्यांनी याचा अर्थ सोयीने लावला होता: फिल्म लावूनही तेवढा उजेड येत असेल तर झालं. न्यायालयाने ती वाटच बंद केली. काच कारखान्यातून तशी बनून आली तर चालेल, नंतर वरून काही चिकटवायचं नाही, मग ते कितीही पारदर्शक असो. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. आदेश सौम्य करावा म्हणून फिल्मवाले पुन्हा न्यायालयात गेले, पण ऑगस्टमध्ये तेही अर्ज फेटाळले गेले.

काळ्या फिल्मसोबत जवळजवळ रंगहीन अशी महागडी फिल्मही भरडली गेली, म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली. ओरडीत तथ्य होतं. पण न्यायालयाने काळेपणा आणि उष्णतारोधन यांत फरक केला नाही याचा दोष एकट्या न्यायालयाला देता येणार नाही. तो फरक आपल्या बाजारानेही कधी केला नव्हता. दुकानात 'उष्णता किती अडते' असं कोण विचारायचं? प्रश्न एकच, 'किती काळी पाहिजे?'

नव्वदच्या दशकात त्या काळेपणाला गरजेचं निमित्त होतं. मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन एसी लावला की खंबाटकीच्या चढाला दम टाकायचं, त्यामुळे काचेवर काहीतरी मारून एसीचं ओझं हलकं करण्यात शहाणपण होतं. पण हौस गरजेला कधीच मागे टाकून गेली. आधी सुमो, मग स्कॉर्पिओ, आणि आत कोण बसलंय हे बाहेरच्याला न कळणं हाच रुबाब. नगरसेवकाच्या गाडीची काच काळी, म्हणून त्याच्या कार्यकर्त्याचीही काळी. नंबरप्लेट आणि 'आई-वडिलांचा आशीर्वाद' करून देणारा गल्लीतला रेडियमवालाच साबणाचं पाणी आणि स्क्वीजी घेऊन तासाभरात चारही काचा काळ्या करून द्यायचा.

ती फिल्म म्हणजे नुसतं रंगवलेलं पॉलिएस्टर. काही उन्हाळ्यांत ती जांभळी पडायची. तिचा काळा रंग अनेक रंगद्रव्यांच्या मिश्रणातून आलेला असतो आणि ऊन ती सगळी एकाच वेगाने उडवत नाही. मग गोंद सुटून फुगे यायचे. दिसण्याचं सोडा, मूळ कामातही ती कच्चीच होती. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम 3 टक्के, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा साधारण 44 टक्के आणि उरलेला निम्म्याहून थोडा जास्त वाटा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा. रंग अडवतो तो मुख्यतः मधला भाग. अवरक्त किरण त्याच्यातून बिनदिक्कत आत येतात. डोळ्यांना सावली मिळते आणि स्टिअरिंग तापलेलंच राहतं.

जगात या धंद्याचा आरंभ बराच आधी झाला होता. थ्री-एमने ऊन अडवणाऱ्या फिल्मचं पेटंट 1966 मध्ये घेतलं. रंगानंतर धातूचा जमाना आला: ॲल्युमिनियमची वाफ करून पॉलिएस्टरवर तिचा पातळ थर द्यायचा. ती ऊन परतवायची, पण गाडी चालत्या आरशासारखी दिसायची आणि रात्री आत बसलेल्याला काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं. काचेतल्या अँटेनावर येणारा रेडिओही त्या थराने खरखरायचा. पुढे कॅलिफोर्नियातल्या साउथवॉल कंपनीने चांदीचे अतिसूक्ष्म थर देऊन जवळजवळ पारदर्शक फिल्म बनवली. व्ही-कूल या नावाने ती आपल्याकडे मर्सिडीजवाल्यांपुरती पोचली. उष्णता अडवण्यात ती अजूनही कुणाला सहज हार जाणार नाही. तिचं दुखणं एकच, चांदीला दमट हवा सोसत नाही. कडा नीट बंद केल्या नाहीत तर तिथून गंज आत सरकतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही काही छोटी अडचण नाही.

या इतिहासात महाराष्ट्राचा एक मोठा धागा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. मुंबईत मोटारींच्या खरेदी-विक्रीतून धंद्यात आलेल्या आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातली पॉलिएस्टर कंपनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत काचेवरच्या फिल्म बनवत आली आहे. फिल्मचा कच्चा माल बाहेरून न आणता पॉलिएस्टरपासून पुढचं सगळं स्वतः करणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, त्यांतली ही एक. 2012 नंतर देशातल्या मोटारींचा बाजार मिटला, तरी तिचा माल परदेशी गाड्यांवर चढतच राहिला. वाळूजची फिल्म लावलेली गाडी अमेरिकेत खुशाल फिरत होती आणि वाळूजच्या फाटकाबाहेर तीच फिल्म गुन्हा होती.

बंदीच्या आपल्या नऊ वर्षांत बाहेर सिरॅमिक फिल्म घराघरात पोचली. तिची सुरुवात त्याहून जुनी. ह्यूपर ऑप्टिकने जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेच्या साहाय्याने टायटॅनियम नायट्राइडचे थर दिलेली फिल्म आधीच बाजारात आणली होती. पण दर उतरला तो धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनोकण फिल्मच्या थरात मिसळण्याच्या पद्धतीने. आधी अँटिमनी-टिन ऑक्साइड आणि मग सीझियम मिसळलेलं टंगस्टन ऑक्साइड. हे कण दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी जाऊ देतात आणि अवरक्त किरण शोषून घेतात. त्यांत वीज वाहून नेणारा सलग धातूचा पडदा नसतो, म्हणून मोबाइल, जीपीएस, रेडिओ यांना अडथळा येत नाही. थ्री-एमची क्रिस्टलाइन याच पंगतीत बसवली जाते, पण ती सिरॅमिक नाही. दोनशेहून जास्त प्लास्टिकच्या थरांची ती रचना आहे आणि ती शोषण्यापेक्षा परतवण्यावर जास्त भर देते.

दिसण्याच्या बाबतीत सिरॅमिकने बाजी मारली यात मला शंका वाटत नाही. तिचा करडेपणा ना निळ्याकडे झुकतो ना जांभळ्याकडे, आरशाची चमक नाही आणि रंग वर्षानुवर्षं टिकतो. क्रिस्टलाइनवर विशिष्ट कोनातून इंद्रधनुषी झाक दिसते, कुणाला ती आवडते, मला खटकते. स्वस्त सिरॅमिकचं पितळ मात्र संध्याकाळी उघडं पडतं. कलता सूर्य समोरून आला की कणांवर प्रकाश विखुरतो आणि काचेवर दुधाळ धुकं पसरल्यासारखं दिसतं. फिल्म निवडायची असेल तर तिचा नमुना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न बघता पाच वाजता बाहेर येऊन सूर्यासमोर धरावा.

उष्णतेच्या बाबतीत मात्र दुकानदाराचं ऐकताना सावध राहावं. काउंटरवर लाल-पिवळा इन्फ्रारेड दिवा असतो, पुढे काचेचे तुकडे उभे केलेले असतात आणि 'हात ठेवा साहेब' असा आग्रह. सिरॅमिकमागे हात गारच राहतो. पण त्या दिव्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त असते, सूर्याची निम्मीच. म्हणजे फिल्म ज्या विषयात हुशार, त्याच विषयाची परीक्षा. दिवा जरा जास्त वेळ चालू ठेवायला सांगा आणि मग काचेलाच हात लावा. चटका बसतो. अडवलेली उष्णता कुठे नाहीशी झालेली नसते, ती काचेत साठलेली असते. गाडी धावत असेल तर वारा तिचा मोठा वाटा बाहेरच्या बाहेर नेतो. हिंजवडीच्या कोंडीत तुम्ही अर्धा तास उभे असाल तर त्यातली बरीच हळूहळू आत येते. फिल्मच्या माहितीपत्रकातले आकडे ठरावीक वाऱ्याचा वेग गृहीत धरून काढलेले असतात, हे त्यावर कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही.

'97 टक्के अवरक्त किरण अडवते' हाही असाच आकडा. तो बरेचदा 900 ते 1000 नॅनोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यात मोजलेला असतो, जिथे फिल्मची कामगिरी उत्तम असते. अतिनीलचे 99 टक्के तर साधी फिल्मही अडवते, त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. बघायचा आकडा म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडली, ज्याला या धंद्यात टीएसईआर म्हणतात. त्यालाही एक छत आहे. फिल्म 70 टक्के उजेड आत सोडत असेल तर 44 चे 70 टक्के, म्हणजे सुमारे 31 टक्के ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशातूनच आत येणार. बाकी सगळं शंभर टक्के बाहेर ठेवलं तरी 69 च्या वर जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात चांगली पारदर्शक फिल्म 50 च्या आसपास पोचते. '70 ची फिल्म, 90 टक्के गारवा' असं कुणी सांगितलं तर पुढचं दुकान बघावं. तरीही 50 म्हणजे कमी नाही. जुनी गडद काळी फिल्म बहुतेकदा तिथवरही जात नसे.

2021 मध्ये दार किलकिलं झालं. 1 एप्रिलपासून लागू झालेल्या दुरुस्तीने 100 व्या नियमात 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. भारतीय मानक 2553 च्या 2019 च्या सुधारित भागात प्लास्टिकचा थर चिकटवलेली काचही त्यात बसते. 70 आणि 50 च्या मर्यादा मात्र कायम राहिल्या. त्याच फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला होता आणि तो चिकटवतात समोरच्या काचेवर. धातूची फिल्म त्याच्या लहरी अडवू शकते, सिरॅमिक अडवत नाही.

यानंतरही बाजार सुधारला म्हणावं असं दिसत नाही. गाडीची बाजूची काच मुळातच थोडी हिरवट असते, तिच्यातून समजा 75 टक्के उजेड येतो. तिच्यावर 70 ची फिल्म लावली की उरतात साडेबावन्न, कायद्यात जेमतेम बसणारे. 50 ची लावली तर साडेसदतीस, म्हणजे सरळ नियमभंग. हा गुणाकार न सांगता '50 ची चालते' म्हणून विकणारे पुण्याच्या नाना पेठेपासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत सापडतील. गिऱ्हाईकही गुणाकार विचारत नाही. नॅनो-सिरॅमिकचे पैसे देऊन तो पुन्हा 'जरा डार्कमधली दाखवा' म्हणतो. सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत राहून फिल्म लावलेल्या गाडीवर कारवाई करता येणार नाही असा निर्वाळा दिला, फिल्म फक्त गाडी बनवणाऱ्यानेच लावावी हा युक्तिवादही मानला नाही. आपल्याकडच्या चौकात मात्र त्या निकालाचा मोबाइलमधला फोटो दाखवून किती उपयोग होईल हे समोरच्या हवालदारावर अवलंबून असतं. त्याच्याजवळ प्रकाश मोजायचं यंत्र नसेल तर तो डोळ्यांनी ठरवणार, आणि डोळ्यांना काळं तेवढं दिसतं.

या सगळ्यात एक अनपेक्षित गिऱ्हाईक तयार झालं आहे, सनरूफवालं. छोट्या गाड्यांनाही काचेचं छप्पर हवं, अशी टूम निघाली आणि मार्च-एप्रिलमध्ये मागच्या सीटवरच्या मुलांच्या डोक्यावर थेट ऊन येऊ लागलं. ती काच कारखान्यातूनच गडद येते, म्हणून तिच्यावर अधिक काळं काही लावण्यात कुणाला रस नसतो. तिथे आई-बाप सरळ विचारतात, उष्णता किती कमी होईल? बाहेरून काहीही दिसणार नाही हे माहीत असून पैसे मोजणारं हे गिऱ्हाईक इथल्या फिल्मवाल्यांना पहिल्यांदाच भेटतं आहे.