घर भाड्याने देताना
पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटनजीक कासार आंबोली लागते. तेथे प्रथमच खोली भाड्याने देणारे गृहस्थ म्हणतात, "माणूस सज्जन आहे, कागद कशाला?" महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे, तेथे कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसल्यास अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात; शिवाय मालकास ३ महिन्यांपर्यंत कैद वा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. यास्तव भाडे, अनामत, मुदत आणि दुरुस्ती कोणी करावयाची, हे आधीच लिहावे. दरमहा पावती द्यावी. सज्जनाशी केलेला व्यवहारही कागदावर असावा. स्मरण दोघांचेही चुकते.